अध्याहृत कर्ता

काव्य, नाटक, कादंबरी यांचें परीक्षण करावें आणि त्यांचे गुणदोष वाचकांपुढें मांडावे, ही या पानांची वहिवाट आहे. या खेपेस आम्ही ज्या गद्याकडे वळत आहों तें कोणत्याही प्रकाशकानें विक्रीस ठेवलेलें नाहीं, त्याच्या मुखपृष्ठावर लेखकाचें नांव नाहीं, आणि तरीही आमच्या घरांतून त्याच्याइतकें मन लावून वाचलें जाणारें दुसरें गद्य क्वचितच सांपडेल. हें गद्य म्हणजे सरकारी गद्य: हुकूम, नोटिसा, परिपत्रकें, निवेदनें, आणि त्यांच्याच शब्दांत दुसरे दिवशीं वर्तमानपत्रांत उतरणाऱ्या बातम्या. कविता वाईट निघाली तर वाचक पान उलटतो. सरकारी वाक्य वाईट निघालें तर कोणाचें तरी घर उलटतें. असें असतां टीकाकारांनीं या वाङ्मयाकडे पाठ फिरवावी हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. म्हणून परके समजलेल्या माणसांस देशाबाहेर घालविण्याच्या कामीं आपल्याकडे जें गद्य वापरलें जातें, त्याचें परीक्षण येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आम्हांस दुरून सुचलेला नाहीं. आम्ही राहतों तें पाली हें गांव मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पश्चिम टोंकास, उत्तनच्या शेजारीं, समुद्रकांठीं आहे. भाईंदर स्टेशनावरून मुर्धा, राई, मोर्वा या गांवांवरून रस्ता येतो तो मिठागरें आणि खारटाण मागें टाकून कोळीवाड्यांत शिरतो. येथें कोळी व ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. परक्या पाहुण्यास पहिल्या दिवशीं गोंधळ पडतो. कारण दारावरील आडनांव पोर्तुगीज असतें, आणि दारांतून ऐकूं येणारी बोली मराठीची असते. वसईचा मुलूख १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता, तो १७३९ सालीं मराठ्यांनीं घेतला, पुढें इंग्रज आले. राज्यें बदललीं, माणसें येथल्या येथेंच राहिलीं. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षीं, गोवा व मंगळूर येथून नोकरीसाठीं मुंबईस येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, आपण येथलेच, हें सरकारास कळावें म्हणून या समाजाच्या पुढाऱ्यांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें इंग्रजी नांव धारण केलें. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांनीं आपलें येथलेपण सिद्ध करण्यासाठीं ‘पूर्वेकडचे’ असें नांव घ्यावें, यांतली मौज सोडून दिली तरी एक धडा उरतो. नांवावरून, बोलीवरून किंवा देवावरून माणसाचा देश ठरवूं पाहणारा अधिकारी पालींत पहिल्याच दिवशीं चुकेल.

येथून कांहीं मैलांवर मीरा रोड आहे. तेथील मोठमोठ्या इमारती उभारण्याचें काम ज्या मजुरांनीं केलें त्यांत बंगालमधून आलेले गवंडी पुष्कळ आहेत. जून २०२५ मध्यें अशा एका गवंड्यास मीरा रोडच्या पोलिसांनीं बांगलादेशी असल्याच्या संशयावरून ताब्यांत घेतलें. तो मुर्शिदाबाद जिल्ह्यांतील रहिवासी. घरच्या लोकांनीं मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, ग्रामपंचायतीनें साक्षांकित केलेली वंशावळ असे कागद जमविले आणि ते पश्चिम बंगालच्या अधिकाऱ्यांमार्फत महाराष्ट्रांतील पोलिसांकडे पाठविले, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. तथापि एका आठवड्याच्या आंत त्यास सरहद्दीवर नेऊन पहाटेच्या अंधारांत पलीकडे ढकललें गेलें. याच सुमारास मीरा रोडच्या नया नगर भागांतून उचललेल्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यांतील एका तरुण नवराबायकोची हीच गत झाली. मग बंगाल सरकारनें दाद मागितली, सीमा सुरक्षा दलानें पलीकडच्या दलाशीं बोलणें केलें, आणि हीं माणसें परत आणलीं गेलीं. म्हणजे तीं भारतीय होतीं हें सरकारनेंच आपल्या कृतीनें कबूल केलें.

आतां वाचकांनीं मागील परिच्छेदांतील दोन वाक्यें पुन्हा पाहावीं. ‘पलीकडे ढकललें गेलें’, ‘परत आणलीं गेलीं’. हीं वाक्यें आमचींच आहेत, आणि तीं लिहितांना आमच्या हातून तोच दोष घडला आहे ज्याचें परीक्षण करण्यासाठीं आम्ही बसलों आहों. कोणीं ढकललें? कोणाच्या सहीनें? कोणता कागद पाहून, आणि कोणता न पाहतां? बातमीच्या गद्यांत ही माहिती सहसा येत नाहीं, म्हणून ती आमच्या गद्यांतही आली नाहीं. दोष असा हातोहात पसरतो.

दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आमच्या वैयाकरणांनीं प्रयोगांची चर्चा मोठ्या चवीनें केली. ‘रामानें रावण मारिला’ हा कर्मणि प्रयोग खरा. पण त्यांत राम लपलेला नाहीं, तृतीया विभक्ति लेवून तो वाक्याच्या दारांतच उभा आहे. मराठीचा मूळचा कर्मणि प्रयोग कर्त्यास असा चारचौघांत उभा करतो. त्याच्या शेजारीं इंग्रजी वळणावरून एक नवा कर्मणि आला, आणि कचेऱ्यांतून त्यास मोठी बरकत आली. ‘संशयित इसमांस ताब्यांत घेण्यांत आलें, त्यांची चौकशी करण्यांत आली, व त्यांस सरहद्दीपलीकडे पाठविण्यांत आलें.’ हें वाक्य आम्हीं नमुन्यादाखल जुळविलें आहे. परंतु या जातीच्या वाक्यांशीं ज्याचा परिचय नाहीं असा वाचक आम्हांस भेटावयाचा आहे. तीन क्रियापदें, आणि कर्ता एकही नाहीं. पाऊस पडतो, भरती येते, तशी माणसें सरहद्दीपलीकडे जातात. निसर्गास जाब विचारतां येत नाहीं; त्याचप्रमाणें या वाक्यासही येत नाहीं. आमच्या भाषेंत ‘जबाबदार’ हा शब्द ‘जबाब’ या शब्दापासून निघाला आहे. जो जबाब देतो तो जबाबदार. वाक्यांत कर्ताच नसेल तर जबाब द्यावा कोणीं?

सरकारी लिखाण असेंच असावयाचें, असें कोणी म्हणेल. पण आमच्याच दप्तरांत याहून वेगळा दाखला आहे. जुन्या मराठशाहींत वतनाचा किंवा सीवेचा तंटा गोतसभेपुढें निकालास लागला म्हणजे महजर होई. त्या महजरावर बसलेल्या माणसांचीं नांवें लिहीत, आणि ज्यांस लिहितां येत नसे त्यांची निशाणी काढीत: पाटलाचा नांगर, सुताराची किंकरी, अशी ज्याच्या त्याच्या धंद्याची खूण. निकाल चुकला तर कोणाकडे बोट करावयाचें हें नातवापणतवास कळे. त्या व्यवस्थेंत अन्याय नव्हता असें आमचें म्हणणें नाहीं. जातीची उतरंड तींत पक्की बसलेली होती. परंतु निकाल देणाऱ्यानें आपला नांगर कागदावर उमटविला पाहिजे, एवढी एक गोष्ट त्या अशिक्षित समजल्या जाणाऱ्या सभेस कळत होती.

या गद्याचा दुसरा दोष शब्दांचा. ‘घुसखोर’ हा शब्द घ्या. चोरास चोर म्हणण्यापूर्वीं खटला चालतो. तोंपर्यंत वर्तमानपत्रें सुद्धां ‘आरोपी’ म्हणतात. घुसखोराच्या बाबतींत मात्र निकाल नांवांतच देऊन टाकलेला असतो. चौकशी मागाहून, झाली तर. तिसरा शब्द त्याहून चमत्कारिक आहे: ‘पुश-बॅक’. कायद्यांत हद्दपारी आहे. तिला हुकूम लागतो, आणि ज्या देशाचा माणूस त्या देशानें त्यास आपला म्हणून ओळखावें लागतें. रात्रीं सरहद्दीवर नेऊन पुढें चाल म्हणावयाचें, याला कायद्यांत नांव नाहीं. म्हणून उसनें इंग्रजी नांव दिलें. ज्या कृत्यास घरच्या भाषेंत नांव देतांना जीभ अडखळते त्यास परभाषेचें नांव देण्याची खोड जुनीच आहे. मराठींत त्याला ‘ढकलणें’ म्हणतात, आणि ढकलणाऱ्यास हात असतात.

आतां दुसरी बाजू. ती टाळून केलेलें परीक्षण वकिली ठरेल. प्रत्येक राज्यास आपल्या सीमा राखण्याचा हक्क आहे, आणि खोट्या कागदांवर येथें राहणारे लोक आहेत हें आम्ही नाकारीत नाहीं. पोलिसांची अडचणही लहान नाहीं. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असें २०१६ च्या आधार कायद्यांतच लिहिलें आहे. मग पुरावा कोणता? जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशभर लागू असा कायदा १९६९ सालचा. त्यापूर्वींच्या, आणि खेड्यांतून त्यानंतरच्याही, किती माणसांपाशीं जन्माचा दाखला आहे? आमच्या वाचकांनीं आपल्या आजोबांचा दाखला घरांत शोधून पाहावा. शिवाय १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यानें आपण परके नाहीं हें सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता. तो कायदा रद्द होऊन त्याच्या जागीं आलेला २०२५ चा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलांत आहे. त्यांतही हा भार तसाच ठेवला आहे. अधिकारी म्हणेल, आम्ही काय करावें, आम्हांस वरून मुदत घातली होती.

मुदत होती हें खरें. पण ती कशाची होती हें पाहिलें पाहिजे. केंद्रीय गृहखात्याच्या मे २०२५ मधील सूचनेप्रमाणें, संशयित माणूस आपण अमुक राज्यांतील अमुक गांवचा असें म्हणेल तर त्या राज्यानें चौकशी करून तीस दिवसांत कळवावें, असें होतें. तीस दिवस हे त्या माणसाच्या हक्काचे दिवस होते. मीरा रोडच्या गवंड्यास त्यांतले सात सुद्धां मिळाले नाहींत. नियम कडक होता म्हणून अन्याय झाला असें येथें म्हणतां येत नाहीं. जो कडक नियम होता तोही पाळला गेला नाहीं म्हणून झाला. आणि पुराव्याच्या भाराविषयीं सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें आसामांतील एका खटल्यांत स्पष्ट केलेंच होतें कीं, संशय घेण्यास अधिकाऱ्यापाशीं आधी कांहीं ठोस माहिती असली पाहिजे. वाटेल त्याचें दार ठोठावून ‘तूं परका नाहींस हें दाखव’ असें म्हणतां येणार नाहीं. ज्याच्या बाजूनें हा निकाल लागला तो माणूस निकालाच्या वेळीं हयात नव्हता. न्यायाच्या उशिराचा हिशेब मांडतांना ही ओळ विसरतां कामा नये.

हें सारें एकट्या माणसावर येतें असें समजणें ही त्या गद्याची चौथी आणि सर्वांत खोल चूक आहे. कागदावर ‘इसम’ एकवचनीं असतो. घरीं तो कधींच एकवचनीं नसतो. त्याच जूनमध्यें दिल्लींत उचललेल्या बीरभूम जिल्ह्यांतील एका कुटुंबांत एक स्त्री गरोदर होती. तिच्या लहान मुलासह तिला पलीकडे धाडलें. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं कलकत्ता उच्च न्यायालयानें ती हद्दपारी रद्द ठरविली, आणि गृहखात्याच्याच सूचना बाजूस सारून केलेल्या घाईबद्दल सरकारास दोष दिला. तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि ती माउली परत आली तेव्हां डिसेंबर उजाडला होता. नवरा त्या वेळीं पलीकडेच राहिला. ‘एका इसमास पाठविण्यांत आलें’ या वाक्यांत पोटांतलें मूल कोणत्या विभक्तींत बसवावयाचें, हें कोणत्याही वैयाकरणानें आम्हांस सांगावें.

अशा वेळीं जाब कसा विचारावा याचे धडे आमच्या लोकांपाशीं आहेत, आणि ते शंभर वर्षांहून जुने आहेत. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेस गेले तेव्हां तेथें नाताळांत मुदतीचा करार संपलेल्या हिंदी मजुरांवर दरसाल तीन पौंडांचा कर होता. तो बायकांवरही होता, आणि १९०३ पासून सोळा वर्षांच्या मुलावर व तेरा वर्षांच्या मुलीवरही होता. चार माणसांच्या कुटुंबानें हा कर भरावा कीं पोट भरावें, असा तो हिशेब होता. कुटुंब मोडून त्यांनीं परत जावें हाच त्याचा हेतु. गोखल्यांनीं सभांतून कळवळ्याचीं भाषणें केलीं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. ते बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांस समक्ष भेटले, कर उठविण्याचें वचन मिळालें असें समजून परत आले, आणि तें त्यांनीं चारचौघांत सांगितलें. पुढें स्मट्स यांनीं असें वचन दिलेंच नव्हतें असें म्हटलें. पण वचन कोणाचें, कोणास दिलें, हें नांवानिशीं लोकांपुढें आलेलें असल्यामुळें तें अध्याहृत राहूं शकलें नाहीं. त्यांत १९१३ सालीं केपच्या न्यायालयानें, ख्रिस्ती विधीनें न लागलेलीं व सरकारदरबारीं न नोंदलेलीं लग्नें मानतां येत नाहींत असा निकाल दिला आणि हिंदी घरांतल्या बायका एका दिवसांत कायद्यानें परक्या झाल्या. त्या लढ्यांत कस्तुरबा तुरुंगांत गेल्या. १९१४ सालीं कर गेला, लग्नें मान्य झालीं.

दुसरा धडा अमेरिकेंतला. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य ‘गोरा’ नव्हे, म्हणून नागरिक होऊं शकत नाहीं, असें ठरविलें. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नांव ऐकून मराठी वाचकास ते आपल्याच घरचे वाटतील. परंतु नांवावरून मुलूख ठरवूं नये असें आम्हीं वर म्हटलें आहे, म्हणून ते अहमदाबादेस जन्मले एवढेंच सांगतों. या निकालानंतर तेथील सरकारनें आधीं नागरिक झालेल्या हिंदी लोकांचीं नागरिकत्वें काढून घेण्याचा सपाटा लावला. १९१४ सालीं नागरिक झालेल्या पंडितांवरही दावा आला. आपल्या खटल्यांत पंडितांनीं वंशाचा वाद घातला नाहीं. त्यांनीं सरकारास त्याच्या स्वतःच्या सहीची आठवण दिली. तुमच्या न्यायालयानें मला नागरिक म्हटलें. त्या शब्दावर विसंबून मी वकील झालों, अमेरिकन स्त्रीशीं लग्न केलें. आतां तुम्ही शब्द फिरवाल तर माझ्यापाठोपाठ तिचेंही नागरिकत्व जाईल. १९२६ सालीं वरच्या न्यायालयानें हें म्हणणें मानलें. १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचें अपील ऐकण्यास नकार दिला, आणि उरलेले दावे सरकारनें सोडून दिले. ज्यांच्यापर्यंत हा न्याय वेळेवर पोंचला नाहीं, त्यांपैकीं वैष्णवदास बगाई यांनीं १९२८ सालीं आत्महत्या केली. पंडितांच्या युक्तिवादाचें मर्म आम्हांस साहित्याच्या दृष्टीनेंही मोलाचें वाटतें. सरकारी वाक्यास कर्ता आहे, तो काल जें बोलला त्याला आज बांधलेला आहे, एवढेंच त्यांनीं सिद्ध केलें.

घरांतल्या घरांत एक गोष्ट आणखी. आमच्या किनाऱ्यावर सरहद्द म्हणजे काय हें कोळ्यांस ठाऊक आहे. पाण्यावर रेघ नसते. पालघर जिल्ह्यांतले पुष्कळ आदिवासी व कोळी गडी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, बोट चुकून पलीकडे गेली कीं पाकिस्तानी दल त्यांस धरतें, आणि मग कराचीचा तुरुंग. २००८ च्या करारांत दोन्ही देशांनीं लिहून दिलें आहे कीं, धरलेल्या माणसास तीन महिन्यांत आपल्या वकिलातीच्या माणसाची भेट मिळावी, आणि राष्ट्रीयत्वाची खात्री होऊन शिक्षा संपली म्हणजे एका महिन्यांत त्यास सोडावें. तें कितपत पाळलें जातें हें डहाणूच्या घरांस विचारावें. मार्च २०२४ मध्यें तेथील एका मच्छिमाराचा कराचीच्या तुरुंगांत मृत्यु झाला; त्याचें शव घरीं पोंचावयास महिन्याहून अधिक काळ लागला. अशा वेळीं आम्ही सारे म्हणतों: कागद तपासा, नांव विचारा, घरीं कळवा, मुदत पाळा. आपल्या माणसासाठीं परक्या सरकारकडे जें मागतों तें परक्या समजलेल्या माणसासाठीं आपल्या सरकारकडे मागावयास आमची जीभ अडखळूं नये. मीरा रोडच्या बाबतींत तर तो माणूस परका नव्हताच.

मग मागावयाचें काय? राज्यघटनेचें एकविसावें कलम ‘नागरिक’ म्हणत नाहीं, ‘कोणतीही व्यक्ति’ म्हणतें. बाविसाव्या कलमांत धरलेल्यास चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें असें आहे. त्यांतून शत्रुराष्ट्राचा माणूस वगळला आहे, मुर्शिदाबादचा गवंडी वगळलेला नाहीं. मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें कीं हुकूम लिहावा लागतो, लिहिला कीं सही करावी लागते, आणि सही केली कीं कर्ता सांपडतो. म्हणून आमची पहिली मागणी व्याकरणाची आहे: माणसास सरहद्दीकडे नेणारा प्रत्येक हुकूम कर्तरि प्रयोगांत असावा. ‘मी, अमुक नांवाचा, अमुक हुद्द्याचा अधिकारी, अमुक कागद पाहून असें ठरवितों.’ हा हुकूम त्या माणसाच्या भाषेंत त्याच्या हातांत पडावा आणि त्याची प्रत त्याच्या घरीं जावी.

दुसरी मागणी चुकीच्या किंमतीची. रुदल शहा या बिहारी माणसास निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत ठेवलें गेलें, तेव्हां १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारास भरपाई द्यावयास लावली. तेव्हांपासून हा मार्ग खुला आहे. पण ती भरपाई सरकारी तिजोरींतून, म्हणजे तुमच्याआमच्या खिशांतून जाते, आणि ‘सद्‌बुद्धीनें केलेल्या’ कृत्याबद्दल अधिकाऱ्यास कायद्याचें कवच मिळतें. सद्‌बुद्धीचें कवच आम्ही काढून घ्या म्हणत नाहीं. सत्तेचें काम करणारा प्रत्येक शिपाई भीतीनें गारठला तर राज्य चालणार नाहीं. पण समोर आलेले कागद न पाहणें, स्वतःच्या खात्यानें घातलेली मुदत न पाळणें, याला सद्‌बुद्धि म्हणणें हा पुन्हा भाषेचाच दुरुपयोग आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यांत १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशी भरपाई दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करावी असें म्हटलें, तें एका घराच्या ताब्यास झालेल्या उशिरासाठीं. घराचा ताबा उशिरा मिळाला तर वसुली, आणि घरचा माणूसच देशाबाहेर ढकलला तर नुसती ‘चूक दुरुस्त करण्यांत आली’, हा न्याय आमच्या बुद्धीस पटत नाहीं. माणूस परत आला म्हणजे त्याच्यापुरता प्रश्न सुटला. ज्यानें तो धाडला त्याच्यापुरता तो तेव्हां सुरू होतो.

शेवटीं मराठी वाचकास एका जुन्या आख्यायिकेची आठवण देतों. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबांनीं गारद्यांस दिलेल्या पत्रांत ‘धरावें’ होतें, मधल्या हातानें ‘ध’चा ‘मा’ करून तें ‘मारावें’ झालें, असें लोक सांगत आले. आख्यायिका खरी असो वा नसो, लोकांनीं ती अडीचशें वर्षें जपली ती एका प्रश्नासाठीं: अक्षर कोणीं बदललें? रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव आम्ही घेतों तें याचसाठीं कीं, जाब ज्याला विचारावयाचा तो राज्याचा धनी असतांही त्यांनीं तो विचारला.

मीरा रोडच्या प्रकरणांतही मूळ कागदांत ‘धरावें’ होतें, ‘तपासावें’ होतें, तीस दिवस होते. सरहद्दीवर पोंचेपर्यंत ‘ध’चा ‘ढ’ झाला आणि ‘ढकलावें’ असें वाचलें गेलें. वाचलें गेलें, असें आम्ही पुन्हा लिहून गेलों. तें वाचलें कोणीं? या एका प्रश्नार्थक सर्वनामाच्या जागीं एक विशेषनाम यावें, एवढीच आमची सूचना आहे. पुढच्या वेळीं सकाळीं चहाबरोबर वर्तमानपत्र उघडल्यावर ‘पाठविण्यांत आलें’ असें वाक्य दिसलें, तर आमच्या वाचकांनीं पेन्सिल घेऊन त्यापुढें कर्त्यासाठीं एक मोकळी जागा ठेवावी, आणि ती भरून येईपर्यंत तें वाक्य पुरें झालें असें मानूं नये.